रजेचं कारण : ताप

सोमवार, ४ मार्च

प्रिय पिटुकलीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव. एवढं एक वाक्य लिहून दहा मिनिटं पेन हातात धरून बसले होते. दिवसभर लोकांशी बोलून पोट भरणारी बाई मी, पण कागद समोर आला आणि माझी वाचाच बसली.

तू फोन उचलत नाहीस. आईच्या फोनवर केला तर ती आधी "हो हो" करते आणि मग हळूच म्हणते, "ती आंघोळीला गेलीय गं." आठ महिने झाले, पिटुकले. एवढी आंघोळ कोणी करत नाही. म्हणून पत्र.

इकडची खबरबात म्हणजे चिंगीला चष्मा लागला. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी आरशासमोरून हलेना. मावशीला फोटो पाठव म्हणते. मी म्हटलं पाठवते, आणि विषय बदलला. तुझे भाऊजी हल्ली स्वयंपाक करतात. आठवड्यातून एकदा करतात, पण त्या एका स्वयंपाकाची भांडी मला दोन दिवस पुरतात. वर विचारतात, "मदत होतेय ना?" मी हो म्हणते. भांडण करायला लागणारी ताकद मी महिनाअखेरीच्या अहवालांसाठी राखून ठेवलीय.

आपल्या तक्रार कक्षात नव्या खुर्च्या आल्यात, पाठीला आधार देणाऱ्या. पाठ टेकायला वेळ मात्र पूर्वीइतकाच, दोन फोनच्या मधले वीस सेकंद. बाकी सगळं तेच. कोणाकडे पाणी आलेलं नसतं, कोणाकडे गढूळ आलेलं असतं, कोणाच्या दारात पाइप फुटलेला असतो, आणि आपल्या बायका दिवसाला ऐंशी-नव्वद वेळा "आम्ही दिलगीर आहोत" म्हणतात. तुझ्या शेजारी बसायची ती बडबडी परवा घरी नवऱ्याला म्हणाली म्हणे, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." तो घाबरून गप्प बसला. कक्षात दोन दिवस हसू पुरलं.

आता कामाचं लिहिते. बडतर्फीविरुद्धचं तुझं दुसरं अपील आलंय. एकोणीस तारखेला सुनावणी आहे आणि मला साक्षीला बोलावलंय, तुझी बहीण म्हणून नाही, कक्षप्रमुख म्हणून. तू लिहिलंयस की आजारपणामुळे तुझ्या हातून तसं घडलं, आणि आजाराची कल्पना तू आधीच अर्जात दिली होतीस. पिटुकले, मी जे कागदावर आहे तेवढंच सांगू शकते. गेल्या जुलैत तू चालू फोनवर हेडफोन काढून ठेवलास, उठलीस आणि बसथांब्यावरच्या बाकावर पाच वाजेपर्यंत बसून राहिलीस, हे कागदावर आहे. आणि त्याआधीच्या जूनमधल्या तुझ्या रजेच्या अर्जावर कारण 'ताप' आहे. ताप आला म्हणून कोणी चालू फोन सोडून जात नाही, असं समिती म्हणणार. सप्टेंबरात तेच म्हणाली होती.

हे शेवटचं अपील आहे. ते हरलीस तर 'काम सोडून पळाली' हा शेरा तुझ्या नावाला कायमचा चिकटेल. त्यापेक्षा तू अपील मागे घे. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या दवाखान्यात नोंदी ठेवायला माणूस हवंय. शांत काम आहे, हेडफोन नाही. मी शब्द टाकते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काही खोटं नाही.

छकुलीला गोड पापा. ती आता चालायला लागली असेल. जावईबापूंचा ट्रक कुठवर पोचला?

तुझी,
ताई


मंगळवार, १२ मार्च

प्रिय पिटुकली,

पाकीट मिळालं. आत पत्र असेल म्हणून मी ते घाईघाईत दारातच फोडलं. आत फाइलमधल्या त्या अर्जाची झेरॉक्स होती आणि 'ताप'मधल्या 'प'भोवती तू लाल पेनने गोल काढला होतास. बाकी एक अक्षर नाही.

मी तिथेच चपला घालायच्या स्टुलावर बसले. चिंगी म्हणाली, "आई, कोणाचं पत्र?" मी म्हटलं, ऑफिसचं.

तू सहा वर्षांची असताना मीच तुला पाटीवर गिरवायला बसवायचे. म्हणून आपलं अक्षर इतकं सारखं की शाळेतल्या बाई माझी वही तुझ्या नावाने तपासायच्या. फक्त तुझ्या 'प'चं पोट दांडीला कधी चिकटलं नाही. मी त्यावरून तुला पट्टीने मारलंयसुद्धा. तू रडत रडत पुन्हा तसाच काढायचीस, मधे फट ठेवून. फाइलमधल्या अर्जावरचा 'प' दांडीला घट्ट चिकटलेला आहे. तुला सप्टेंबरातच कळलं होतं. तू समितीसमोर म्हणालीस, "हा अर्ज मी लिहिलेला नाही," आणि माझ्याकडे बघितलंस. मी मूग गिळून बसले. ते म्हणाले, अक्षर तर तुमचंच दिसतंय. त्यांनी तुला खोटारडी ठरवलं आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाण्याच्या ग्लासवरचं झाकण सरळ करत होते.

तर ऐक. तो अर्ज मी लिहिला.

तुझा खरा अर्ज वेगळा होता. आपल्या कक्षात बायकांना किती ताप येतो ते तुला माहीत आहे. कोणी बाहेरचा माणूस रजेची फाइल बघेल तर साथ आलीय म्हणून नाकाला रुमाल लावेल. मूल आजारी असलं तरी ताप, सासूला दवाखान्यात न्यायचं असलं तरी ताप, घरी भांडण होऊन डोळे सुजले तरी तापच. अकरा अर्ज तूही तसेच केलेस. बाराव्या वेळी तू कारणाच्या रकान्यात खरं लिहिलंस. "हेडफोन लावला की हात कापतात. रडू थांबत नाही. तीन आठवडे नीट झोप नाही. डॉक्टरांना दाखवायचं आहे." रकाना पुरला नाही म्हणून शेवटची ओळ समासात उभी लिहिली होतीस.

मी कोरा फॉर्म घेतला, त्यावर तुझ्या अक्षरात 'ताप' लिहिलं, तुझी सही केली, खाली माझी सही केली. दोन दिवसांची रजा तासाभरात मंजूर झाली. तुला तेवढ्यात बरं वाटेल असं मी स्वतःला सांगितलं.

मी वाईट हेतूने केलं नाही, हे लिहायचा मोह होतोय, आणि ते अर्धं खरंही आहे. आपल्याकडची ती उंच मुलगी आठवते? तिने अर्जात मनाच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं होतं. पंधरा दिवसांत तिला हेडफोनवरून काढून तळमजल्यावर जुन्या फाइलींमध्ये बसवलं, आणि जाता-येता लोक विचारायचे, "काय गं, आज डोकं ठिकाणावर आहे ना?" तिने स्वतःच नोकरी सोडली. तुझं तसं होऊ नये म्हणून मी केलं. हे सगळं खरं आहे.

उरलेलं अर्धंही खरंच आहे. त्या वेळी मी प्रभारी होते. ऑगस्टमध्ये कायम करणार होते. एकीचं डोकं फिरलं म्हणजे दुसरीचंही फिरणार, रक्त एकच ना, असं साहेबांच्या मनात येईल ही मला भीती होती. तुझ्या तापाने माझी खुर्ची वाचणार होती. ती वाचलीसुद्धा.

रजेचा नियम मला तोंडपाठ आहे, नव्या मुलींना मीच शिकवते. आजारपणाची लांब रजा हवी असेल तर त्या आजाराची पहिली नोंद अर्जात असावी लागते. ती नोंद तू केली होतीस. मी ती पुसली. नाहीतर तुला दोन महिने घरी बसून औषधपाणी करता आलं असतं, आणि जुलैतली ती दुपार आलीच नसती. नऊ वर्षांपूर्वी मीच तुला या नोकरीला चिकटवलं आणि मीच तुला तिथून उठवलं.

आता एक गोष्ट, जी मी भाऊजींनाही सांगितलेली नाही. तुझा खरा अर्ज मी फाडला नाही. दोनदा हातात घेतला, पण हात धजावला नाही. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात स्टेपलरच्या पिनांच्या डब्याखाली तो घडी करून ठेवलाय. गेले नऊ महिने पिना संपल्या तरी मी त्या खणातून काढत नाही, शेजारून मागते.

तो अर्ज समितीला दिला तर तुझं म्हणणं सिद्ध होतं. माझं काय होईल तेही उघड आहे. दुसऱ्याच्या नावाने सही केली म्हणजे कक्षप्रमुखपद तर जाईलच, नोकरीही जाऊ शकते. घराचं, चिंगीचं काय ते तुला माहीत आहे, नव्याने सांगत नाही.

तू सांग. देऊ म्हणालीस तर देते. नको म्हणालीस तर... तू सांग, पिटुकले. तू म्हणशील तसं करीन.

तुझी,
ताई


बुधवार, २० मार्च

पिटुकले,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. त्यावर एकच ओळ : "मागची बाजू वाचली होतीस का?"

त्याचं उत्तर शेवटी देते. पळ काढत नाहीये, पण आधी काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुला कंपनीच्या कोरड्या पत्रातून कळेल.

तुझ्या त्या एका ओळीत देऊ की नको याचा पत्ताच नव्हता, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. तुला आजारी असताना वाऱ्यावर सोडलं, आणि नऊ महिन्यांनी बहिणीची नोकरी घालवायची की ठेवायची याचा निकालही तुलाच द्यायला सांगितला. वर चिंगीचं नाव घेतलं. पत्र पेटीत टाकताना मला वाटत होतं की मी किती मोठ्या मनाने कबुली देतेय! लाज वाटली. कालच्या सुनावणीला मी तुला न विचारता अर्ज घेऊन गेले.

तू वकिलामार्फत कागद पाठवले होतेस, स्वतः येणार नव्हतीस, हे बरं झालं. लांब टेबलाच्या पलीकडे तिघं होते. मधे साहेब, एका बाजूला कामगारांचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या नव्या डॉक्टरीणबाई. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. बसून बोला म्हणाले, पण मला बसता येईना.

मी म्हटलं, "फाइलमधला अर्ज माझ्या हातचा आहे. तिने दिलेला हा."

साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. उशिरा कळलं."

कामगारांच्या प्रतिनिधींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांना काही फरक दिसेना, तेव्हा मीच बोट ठेवून तुझा 'प' दाखवला. डॉक्टरीणबाईंनी समासातली उभी ओळ वाचायला कागद आडवा धरला. मग उलटा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. फक्त विचारलं, "हे मागचं कोणासाठी लिहिलंय?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी."

त्यांनी मान हलवली आणि कागद पुढे सरकवला. मला त्या ओरडल्या असत्या तर सोसलं असतं.

निकाल असा : तुझी बडतर्फी रद्द. मधले सगळे महिने आजारपणाची रजा म्हणून धरणार. 'काम सोडून पळाली' हा शेरा काढणार. डॉक्टर म्हणतील तेव्हा कामावर ये, आणि हेडफोनवर बसायचं नसेल तर दुसरं काम देतील, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. तुला यायचं नसलं तरी शेरा निघाला, कुठेही ताठ मानेने अर्ज करू शकशील. माझी चौकशी आहे. केबिनची किल्ली काल दिली. चौकशी होईपर्यंत सोमवारपासून मी पुन्हा फोनवर, बाथरूमच्या दाराजवळच्या जागेवर. बडबडीने माझ्यासाठी उशी आणून ठेवलीय. ती एकटीच माझ्याशी बोलते. बाकीच्या बघतात आणि वहीत डोकं घालतात. त्यांचंही बरोबर आहे. कोणाकोणाच्या अर्जावर मी काय केलं असेल, असं त्यांना वाटत असणार.

भाऊजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नव्हतं." नंतर त्यांनी सांगितल्याशिवाय भांडी घासली. चिंगीला एवढंच कळलंय की आई आता पाचला घरी येणार. ती खूश आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

वाचली होती.

नंतर कधी खणातून काढून नाही. त्याच दिवशी, सव्वाअकरा वाजता. शिपाईबाईंनी अर्ज टेबलावर पालथा ठेवला होता, म्हणून मी मागचीच बाजू आधी वाचली. पेन्सिलीने लिहिलं होतंस, म्हणजे फाइलला लावायच्या आधी मला खोडता यावं. "ताई, पाच मिनिटं आत बोलावशील? घरी बाळ सोडत नाही, फोनवर रडू येतं. आत्ता बोलाव."

ऑफिसात मला मॅडम म्हणायचं हा नियम मीच घातला होता, तुला पहिल्या दिवशी जिन्यातच बजावलं होतं. नऊ वर्षं तू तो पाळलास. चहा पितानाही मॅडम म्हणायचीस, आणि लोक हसायचे. त्या एका कागदावर तू ताई लिहिलंस.

मी मान वर केली. काचेपलीकडे, तिसऱ्या रांगेत, तू माझ्याकडेच बघत होतीस. कोणीतरी तुझ्या कानात ओरडत असणार, कारण तुझे ओठ "दिलगीर आहोत" म्हणत होते आणि डोळे माझ्यावर होते. माझं दार तुझ्यापासून पंधरा पावलांवर. मला फक्त हात करायचा होता.

मी का केला नाही, ते सांगते. त्या वर्षी मी स्वतः रोज दुपारी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडत होते. जेवणाच्या सुट्टीतली सात मिनिटं रडायचं, तीन मिनिटांत तोंड धुवायचं, असं माझं वेळापत्रक होतं. कोणाला कळलं नाही, भाऊजींना नाही, आईला नाही. तू आत येऊन पहिलं वाक्य बोलली असतीस की माझाही बांध फुटला असता, आणि काचेच्या केबिनमध्ये प्रभारी मॅडम बहिणीच्या गळ्यात पडून रडताना सत्तावीस बायकांनी पाहिल्या असत्या. मला तुझ्या आजाराची भीती वाटली नाही, पिटुकले. तो मला चांगला ओळखीचा होता. मला माझा आजार उघडा पडायची भीती वाटली.

म्हणून मी टेबलावरचा फोन उचलला आणि कानाला लावला. मान डोलवली, पेनने कागदावर काहीबाही लिहिलं, एकदा हसलेसुद्धा. तू वाट बघत होतीस, मॅडमचा फोन संपेल म्हणून. पाच मिनिटं तरी मी तशी बोलत राहिले. मग तू मान वळवलीस, पुढचा फोन घेतलास, आणि मी कोरा फॉर्म काढला.

तुला वाटलं असेल, तेव्हा माझा महत्त्वाचा फोन चालू होता. नऊ महिने तू निदान तेवढी सूट मला दिली असशील.

त्या फोनवर पलीकडे कोणी नव्हतं.

ताई